जयगडच्या बुरुजावरून जहाजं आणि पायलट बोटी कशा पाहाव्यात: कोल्हापूरकरांसाठी सविस्तर माहिती

कोल्हापुरातून समुद्र बघायला निघालेली मंडळी गणपतीपुळ्याला दर्शन घेतात, वाळूत तासभर बसतात, दुपारी मासे खातात आणि आंबा घाट चढून परत येतात. तिथूनच वीसेक किलोमीटर पुढं जयगडचा किल्ला आहे आणि त्याच्या तटावरून चालू बंदर डोळ्यांसमोर दिसतं. कोळसा घेऊन आलेली तीनशे मीटरच्या आसपास लांबीची जहाजं, त्यांना ढकलणाऱ्या टगबोटी, मासेमारीचे ट्रॉलर आणि खाडी ओलांडणारी फेरीबोट हे सगळं एकाच जागेवरून बघता येतं.

तरीही बरेच जण दहा मिनिटांत कंटाळून खाली उतरतात, कारण त्यांची नजर मोठ्या जहाजावर खिळलेली असते. मोठं जहाज नांगर टाकून तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस एकाच जागी उभं राहतं. नजर ठेवायची ती पायलट बोटीवर. ही छोटी, वेगवान बोट धक्का सोडून बाहेर निघाली की पुढच्या थोड्या वेळात एखादं मोठं जहाज हलणार, हे नक्की समजा. सगळा लेख या एका सवयीवर उभा आहे.

पायलट म्हणजे कोण

समुद्रात जहाज चालवणं कॅप्टनचं काम. पण प्रत्येक बंदराचं पाणी वेगळं असतं. गाळ कुठं साचतो, ओहोटीला प्रवाह कुठून ओढतो, वाऱ्यात जहाज किती सरकतं हे तिथं रोज वावरणाऱ्यालाच ठाऊक. असा अनुभवी दर्यावर्दी म्हणजे पायलट. बंदरापासून काही मैल बाहेर ठरलेल्या जागी तो बोटीतून जहाजाजवळ जातो, दोराच्या शिडीनं वर चढतो आणि कॅप्टनच्या शेजारी उभा राहून जहाज आत आणतो. जहाजाची जबाबदारी कॅप्टनकडंच राहते, पायलट वाट दाखवतो. जहाज बाहेर जाताना हाच क्रम उलटा.

जयगडच का

शास्त्री नदी जिथं समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण काठावर हा किल्ला आहे. बांधला विजापूरकरांनी, पुढं तो आंग्र्यांच्या ताब्यात गेला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. संगमेश्वराकडं जाणाऱ्या खाडीत कोण शिरतं, कोण बाहेर पडतं यावर नजर ठेवण्यासाठी निवडलेली ही जागा आहे. म्हणून आजही जहाजं बघायला तिच्याइतकी सोयीची जागा आसपास नाही. वर बालेकिल्ला आणि खाली पाण्यापर्यंत उतरणारा पडकोट असे किल्ल्याचे दोन भाग आहेत. जमिनीच्या बाजूला खंदक आहे.

पश्चिमेकडं धामणखोलच्या उपसागरात जेएसडब्ल्यूचं खोल पाण्याचं बंदर दिसतं. ते 2009 पासून चालू आहे. तिथं प्रामुख्यानं कोळसा आणि लोहखनिज उतरतं. त्यातला काही कोळसा शेजारच्या 1200 मेगावॉटच्या वीज प्रकल्पाला जातो. बराच माल छोट्या जहाजांत भरून रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याकडं रवाना होतो. हे लक्षात ठेवा, जहाज भरलेलं की रिकामं हे ओळखताना उपयोगी पडेल. खाडीत आत, लावगणच्या बाजूला, आंग्रे पोर्ट आणि जहाजदुरुस्तीची गोदी आहे. किल्ल्याच्या पायथ्याच्या धक्क्यावरून पलीकडं गुहागर तालुक्यातल्या तवसाळला फेरीबोट जाते.

दिवस ठरवताना आधी तिथी बघा

रविवार मोकळा आहे म्हणून निघालात तर नशिबावर अवलंबून राहाल. जास्त खोल बुडालेली, म्हणजे भरलेली, मोठी जहाजं शक्यतो भरतीचं पाणी धरून आत येतात. तेव्हा तळाखाली जास्त पाणी मिळतं. त्यामुळं भरतीची वेळ आधी काढायला हवी. त्यासाठी किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशोब करतात: तिथीची पाऊणपट.

चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. दिवसातून दोन भरत्या येतात, म्हणून सकाळी सव्वाआठला भरती असेल तर रात्रीही साधारण त्याच सुमाराला असते, थोडी पुढं सरकून. पूर्ण ओहोटी भरतीनंतर सुमारे सहा तासांनी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. पण कोल्हापुरात बसून भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बेत आखायला तो पुरतो. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करून घ्या.

आता यात उजेडाचं गणित मिसळा. जयगडहून समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागं असतो आणि जहाजांवर थेट ऊन पडतं, त्यामुळं रंग, नावं, झेंडे स्पष्ट दिसतात. दुपारनंतर सूर्य समोर येतो, पाणी चकाकतं आणि जहाजाची नुसती काळी आकृती उरते. मग सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान भरती कधी असते? हिशोब केलात तर एकादशी, द्वादशी, त्रयोदशी येतात. मी हेच तीन दिवस सुचवेन. त्यापुढं पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि प्रवाहालाही जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी.

महिने म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पाऊस सरल्यावर सुरुवातीचे काही आठवडे हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारची धूसरता वाढते. पावसाळ्यात तटावर शेवाळ, वाऱ्याचा मारा आणि समोर पांढरा पडदा. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असल्यानं खाडीतली निम्मी हालचाल थांबलेली असते.

जाणं आणि सोबत काय

मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा. हातखंब्याहून मुंबईच्या दिशेनं थोडं गेलं की निवळी लागतं, तिथून डावीकडं जयगडचा रस्ता सुटतो. पुढं चाळीसेक किलोमीटर. या रस्त्यावर मालाच्या ट्रकांची सतत वर्दळ असते, वाहन सांभाळून चालवा. कोल्हापूरहून एकूण चार-साडेचार तास धरा. सकाळची भरती गाठायची असेल तर आदल्या संध्याकाळी गणपतीपुळे, मालगुंड किंवा जयगडला मुक्काम करावा. पहाटे तीनला निघून धुक्यातून घाट उतरायचा अट्टहास नको. एसटीनं येणाऱ्यांनी रत्नागिरी गाठून तिथून जयगडची गाडी पकडावी.

दुर्बिणीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण इथं पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. दुकानदार जास्त पटीची दुर्बीण गळ्यात मारतात. वीस पटीची दुर्बीण हातात धरली की वाऱ्यात चित्र इतकं थरथरतं की जहाजाचं नावसुद्धा वाचता येत नाही. हातात धरून वापरायला सात किंवा दहा पट पुरे. 7×50 ची (सात पट, पुढची काच 50 मिलिमीटर) दुर्बीण खलाशी वापरतात, कारण ती मंद उजेडातही उजळ दिसते. 10×42 हलकी असते आणि अक्षरं वाचायला बरी. यापुढची पट हवी असेल तर तिपाई घ्यावीच लागते. नवी दुर्बीण आणलीत तर रंकाळ्यावर संध्याकाळी सराव करा. पलीकडच्या काठावरच्या पाट्या वाचता आल्या की हात बसला समजा.

बाकी टोपी, पकड असलेले बूट, वही-पेन, होकायंत्र (फोनमधलंही चालेल) आणि भरपूर पाणी. किल्ल्यावर काही मिळेल या भरवशावर राहू नका. भडंग आणि चार दशम्या बरोबर असल्या की दुपारपर्यंत निभावतं.

बुरुजावर पोचल्यावर पहिला अर्धा तास

आधी किल्ला फिरून घ्या. पश्चिमेकडं तोंड असलेली, तट शाबूत असलेली जागा निवडा. काही ठिकाणी चिरे सुटलेत आणि झाडांची मुळं भिंतीत शिरली आहेत. तिथं कडेला उभं राहू नका आणि बुरुजाच्या माथ्यावर चढू नका. दुर्बीण धरताना कोपरं चर्येवर, म्हणजे तटाच्या कठड्यावर टेकवा, निम्मी थरथर तिथंच थांबते.

मग दुर्बीण न लावता नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडं हळूहळू बघा. किती जहाजं धक्क्याला आहेत, किती बाहेर नांगरावर आहेत, टगबोटी कुठं बांधल्या आहेत आणि पायलट बोट कुठं आहे, हे वहीत उतरवा. पायलट बोटीच्या केबिनवर मोठ्या अक्षरांत ‘पायलट’ लिहिलेलं असतं. टगबोट बुटकी, रुंद आणि चहूबाजूंनी जाड रबराचे टायर लावलेली असते, त्यामुळं दोघींत गल्लत होत नाही.

खाली खाडीत नांगरलेल्या होड्यांकडंही एकदा बघा. एका नांगरावर उभी असलेली होडी प्रवाहाकडं तोंड करते. वारा जोराचा नसेल आणि होड्यांची तोंडं समुद्राकडं असतील तर भरती आत येतेय. खाडीच्या आतल्या बाजूला असतील तर ओहोटी लागलीय. आणि होड्या अस्ताव्यस्त, कुणाचं तोंड कुठंही असेल तर पाणी उलटण्याच्या बेतात आहे. तिथीवरून काढलेली वेळ इथं ताडून बघता येते.

उंचीचा फायदाही समजून घ्या. क्षितिज किती लांब दिसतं ते काढायला डोळ्यांची समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 3.57 नं गुणा. वाळूवर उभ्या माणसाला जेमतेम साडेचार किलोमीटरवर क्षितिज असतं. डोळे 50 मीटर उंचीवर असतील तर तेच 25 किलोमीटरवर जातं. जहाजाचा माथा 40 मीटर उंच असेल तर त्याचे आणखी बावीसेक किलोमीटर मिळतात, म्हणजे पूर्ण जहाज क्षितिजाच्या वर येण्याआधीच त्याचा वरचा भाग दिसायला लागतो. हे झालं गणित. कोकणातल्या दमट हवेत प्रत्यक्ष नजर बऱ्याचदा त्याआधीच अडते.

पायलट बोट निघाली की

वेळ टिपा. बोट बाहेरच्या दिशेनं पांढरी रेघ ओढत जाईल. ती कोणत्या जहाजाकडं वळते ते बघा. नांगरावरचं जहाज असेल तर त्याचा नांगर आधीच वर यायला लागलेला असतो. दिवसा नांगरावरच्या जहाजाच्या पुढच्या भागात एक काळा गोळा टांगलेला असतो. तो खाली उतरला की जहाज सुटलं.

आता जहाजाच्या कुशीकडं दुर्बीण लावा. शिडी नेहमी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला सोडतात. दुपारी जयगडला वायव्येचा वारा असेल आणि जहाज पूर्वेकडं तोंड करून येत असेल तर शिडी त्याच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या कुशीला. कधी कधी पायलट बोट जवळ आल्यावर जहाज मुद्दाम थोडं वळतं आणि स्वतःच्या अंगानं वारा-लाटा अडवून बोटीसाठी शांत पाण्याचा पट्टा तयार करतं. हे वळण दिसलं की समजा, चढण्याची वेळ झाली.

शिडी दोराची आणि पायऱ्या लाकडी. दोन पायऱ्यांत 31 ते 35 सेंटिमीटर अंतर असतं. मध्येमध्ये एक लांब फळी असते, ती शिडीला पिळू देत नाही. खालच्या चार पायऱ्या रबराच्याही असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार या शिडीनं पायलटला 9 मीटरपेक्षा जास्त चढायला लावायचं नाही. जहाजाची कड त्याहून उंच असेल तर वरून तिरका जिना सोडतात आणि खाली दोराची शिडी जोडतात. म्हणून भरून आलेलं जहाज पाण्यात खोल असतं तेव्हा साधी शिडी पुरते. तेच जहाज रिकामं होऊन निघतं तेव्हा कड उंच जाते आणि तिरका जिना दिसतो. नुसत्या शिडीवरून जहाजाची अवस्था कळते ती अशी.

चढण्याचा क्षण काही सेकंदांचा असतो. बोट आणि जहाज दोन्ही चालतच असतात, थांबत नाहीत. बोट लाटेवर वर उचलली जाते, त्या टोकाला पायलट शिडी पकडतो आणि झपाट्यानं चार-पाच पायऱ्या वर जातो, म्हणजे पुढच्या लाटेनं वर आलेली बोट पायावर आदळत नाही. लगेच बोट जहाजापासून फटकून दूर होते. या कामात जगभर पायलटांचे जीव गेले आहेत. बुरुजावरून खेळण्यासारखी दिसणारी ही हालचाल बघताना ते मनात असू द्या.

थोड्याच वेळात जहाजावर अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा चढतो. त्याचा अर्थ पायलट वर आहे. पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा असेल तर पायलट हवा आहे. सगळीच जहाजं आता झेंडे वेळेवर लावतात असं नाही, पण लावलेला दिसला की तो अचूक सांगतो. पुढच्या डोलकाठीवर तिरंगा असेल, तो यजमान देशाच्या मानाचा. जहाजाची स्वतःची नोंदणी कुठली ते मागच्या टोकावरच्या झेंड्यावरून कळतं.

मग टगबोटी पुढं येतात. जहाजाच्या अंगावर ठरावीक ठिकाणी ‘टग’ अशी खूण रंगवलेली असते. आतून मजबूत केलेल्या त्या जागीच ढकलायचं असतं. एक टगबोट सहसा मागच्या टोकाला दोर लावून राहते आणि जहाजाचा वेग आवरते. पुढचा खेळ अतिशय संथ आहे आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. प्रचंड वजनाचं जहाज धक्क्याला समांतर आणून बोटभर, वीतभर करत आडवं सरकवलं जातं. पहिला दोर धक्क्यावर गेला की वहीत वेळ लिहा. पायलट बोट निघाल्यापासून इथपर्यंत बऱ्याचदा दीड-दोन तास सहज जातात.

जहाज ओळखणं आणि वेग मोजणं

मालाची जहाजं ओळखायला डेकवरची मालाच्या कप्प्यांची झाकणं आणि क्रेन मोजा. पाच कप्पे आणि चार क्रेन असतील तर लांबी साधारण 190 ते 200 मीटर. सात कप्पे, क्रेन नाहीत, तर सुमारे 225 मीटर. नऊ कप्पे असलेलं अवाढव्य जहाज 290 मीटरच्या आसपास. पाण्यालगत लाल रंगाचा रुंद पट्टा उघडा असेल आणि पुढच्या टोकाखालचा गोल फुगवटा पाण्याबाहेर आला असेल तर जहाज रिकामं. जयगडला मोठी जहाजं भरून येतात आणि रिकामी जातात, डोलवीकडची छोटी बरोबर उलटं करतात.

लांबी कळली की वेग काढता येतो. जागचे न हलता तटाच्या जंगीतून (मारा करायच्या भोकातून) किंवा बुरुजाच्या कडेला नजर धरा. आडव्या जाणाऱ्या जहाजाचं पुढचं टोक त्या रेषेवर आलं की घड्याळ सुरू करा, मागचं टोक आलं की बंद. लांबीला सेकंदांनी भागा आणि दुपटीनं गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. 225 मीटरच्या जहाजाला 55 सेकंद लागले तर वेग सुमारे 8 नॉट, म्हणजे ताशी 15 किलोमीटर.

फोनवरच्या जहाजांच्या नकाशात नाव, लांबी, देश मिळतं. मोठी जहाजं ही माहिती स्वतःच सतत प्रसारित करत असतात. पण त्यातलं मुक्कामाचं ठिकाण आणि पोचण्याची वेळ जहाजावरचा माणूस हातानं भरतो, त्यामुळं ती जुनी असू शकते. मूळ वेळ जागतिक प्रमाणवेळेत भरलेली असते. नकाशा ती तशीच दाखवत असेल तर साडेपाच तास मिळवा. भारतात नोंदलेल्या जहाजाचा ओळख क्रमांक 419 नं सुरू होतो. सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक वेगळा. तो जहाजाच्या मागच्या टोकावर किंवा डेकवरच्या इमारतीवर रंगवलेला असतो आणि नाव-मालक बदलले तरी बदलत नाही. पहिल्या सहा आकड्यांना ओळीनं 7, 6, 5, 4, 3, 2 नं गुणून बेरीज केली की बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळतो. 9074729 घ्या: 63, 0, 35, 16, 21, 4, बेरीज 139, शेवटी 9. दुर्बिणीतून एखादा आकडा पुसट दिसला तर या युक्तीनं शक्यता बऱ्याच कमी करता येतात.

बंदर म्हणजे सुरक्षित क्षेत्र. ड्रोन अजिबात उडवू नका, फाटकाचे आणि सुरक्षा चौक्यांचे फोटो काढू नका. कुणी विचारलं तर दुर्बीण आणि वही दाखवून सरळ सांगा.

अंधार पडल्यावर

किल्ल्यावरून उजेडात उतरा आणि फेरीच्या धक्क्याजवळ थांबा. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. दोन्ही एकदम दिसले तर ते थेट तुमच्याकडं येतंय. मोठ्या जहाजावर पुढं बुटका आणि मागं उंच असे दोन पांढरे दिवे असतात. ते एका रेषेत, एकावर एक आले तरी अर्थ तोच. पांढऱ्याखाली लाल असेल तर ती कामावरची पायलट बोट. हिरव्याखाली पांढरा म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर. लाल, पांढरा, लाल असे तीन दिवे दिसले तर ते जहाज कामात अडकलेलं आहे, त्याला चटकन वळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर रत्नदुर्ग

परतताना रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर, म्हणजेच भगवती किल्ल्यावर थांबता येतं. तिथं दीपगृह आहे आणि खाली भगवती बंदर व मिऱ्याचा किनारा दिसतो. मोठ्या जहाजांची वर्दळ जयगडइतकी नाही, पण मिरकरवाड्याच्या मासेमारी बोटी भरपूर. या बोटी बघायला पहाटे किंवा संध्याकाळी जावं. याच मिऱ्याच्या किनाऱ्यावर जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन रुतलं. खवळलेल्या समुद्रात जहाज कसं हाताबाहेर जातं त्याचं हे ढळढळीत उदाहरण. तिथून हातखंबा गाठून आंबा घाट उजेडी चढता येईल अशा बेतानं निघा.